पहिला गिअर

"आज सहापर्यंत तुमचं हे डबडं स्वतःहून फाटकाबाहेर गेलं नाही, तर भंगारवाला येईल," बायकोने घोरपडे सरांना बजावलं. सरांनी घरी बनवलेली नकली इटालियन स्पोर्ट्स कार सहा वर्षं भिंतीकडे तोंड करून उभी होती.

जुन्या बाजारातून पारखून आणलेलं, इंजिनाची फिरकी चाकांपर्यंत पोचवणारं जीपचं डिफरन्शियल शौकत मिस्त्रींनी दुरुस्त करून मागच्या चाकांना जोडलं. पावणेसहाला सरांनी रिव्हर्स टाकला. गाडी पुढे गेली. जास्वंदीची कुंडी फुटली.

मिस्त्री खाली वाकले. "उलटं बसलंय, सर. आता चार गिअर मागं, एक पुढं. सरळ करायला आठ दिवस."

सरांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. बायकोने घड्याळ पाहिलं.

"अहो, मग पहिला टाका की!"

गाडी पाठमोरी, पण थाटात फाटकाबाहेर पडली. बायकोने भंगारवाल्याला फोन लावला, "येऊ नका. आमची गाडी सुरू झालीय."