शेवटच्या लग्नाची धून

हॉलच्या मधोमध दोन खुर्च्या आल्या आणि लेझरने क्लॅरिनेट ओठांपासून दूर केली. आता काय होणार हे त्याला कळले होते. फायवेलकाका फुलांचे दोन मुकुट आणि एक नवाकोरा झाडू घेऊन नाचतच आले. घरातले शेवटचे लेकरू लग्न होऊन निघाले की आईबापांनी मुकुट घालून खुर्च्यांवर बसायचे आणि पाहुण्यांनी झाडू घेऊन त्यांच्याभोवती नाचायचे. घर झाडून मोकळे झाले, असे म्हणायचे. त्या नाचाची धून ठरलेली आणि तिची सुरुवात क्लॅरिनेटवर.

"बसा झाल्मन, बसा! ब्रायने गेली, सुटलात!" काका ओरडले. "आता सकाळी बाथरूम तुमच्या एकट्याचं!"

लोक खळखळून हसले. झाल्मन बेकर बसले. एक मुकुट त्यांच्या डोक्यावर चढला. दुसरा काकांच्या हातात तसाच राहिला. मग त्यांनी तो शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हळूच ठेवला. झाल्मनची बायको पेर्ल जाऊन दीड वर्ष झाले होते, पण खुर्च्या मांडायच्या त्या दोनच.

लेझर या दोघांचाच मुलगा. चौतिशीचा, अजून बिनलग्नाचा. सगळ्या हॉलला ते ठाऊक होते आणि कुणी बोलत नव्हते. आठ वर्षांपूर्वी एका शुक्रवारी, मेलबर्नमध्ये ज्यूंच्या घरोघर शब्बाथचे, आठवड्याच्या पवित्र विश्रांतीचे, दिवे लागल्यावर, वाद्याला बोटही लावायचे नसते तेव्हा, तो एका महोत्सवात हीच क्लॅरिनेट वाजवत उभा होता. समोर लोक बिअरचे ग्लास उंचावून नाचत होते. सूर सगळे बापाचेच होते, बेकरीत पीठ मळताना गुणगुणलेले. झाल्मननी सात दिवस बुटक्या स्टुलावर बसून जिवंत मुलाचे सुतक पाळले आणि त्याच्या नावाने आंघोळ केली.

तेव्हापासून कुणी मुले किती म्हणून विचारले की झाल्मन म्हणत, "तीन." आणि शेजारून पेर्ल म्हणे, "चार." डॉक्टरकडे, ट्रामच्या थांब्यावर, जनगणनेच्या माणसासमोरसुद्धा. भांडण नाही, आवाज चढवणे नाही. पुढे पुढे तर झाल्मन 'तीन' म्हणून थांबायचे, तिचे 'चार' होऊ द्यायचे, मगच पुढचे बोलायचे. धाकटी ब्रायने फोनवर दोघांची हुबेहूब नक्कल करायची. लेझर पोट धरून हसायचा आणि फोन ठेवला की रडायचा.

हा बँडही ब्रायनेनेच हट्टाने ठरवला होता. क्लॅरिनेट कोण वाजवतो हे बापाला माहीत होते. "वादकांचे चेहरे मी बघत नसतो," एवढेच ते म्हणाले. आणि खरोखरच सकाळपासून त्यांनी मंचाकडे नजर टाकली नव्हती. सख्ख्या बहिणीच्या लग्नात लेझर स्वयंपाकघरात, वादकांच्या टेबलावर जेवला.

मंचाच्या कडेला बायकांच्या बाजूचा पडदा होता. तो हलला.

"दादा, नको ना वाजवूस. मी सांगते तातेंना."

"तू नवरी आहेस, हसत बस," लेझर म्हणाला. "बहिणीच्या लग्नात वाजवायचं नाही तर कधी वाजवायचं?"

बँडचा म्होरक्या हेर्शल आपल्या थोरल्या बास व्हायोलिनमागे घुटमळत उभा होता. फार वर्षांपूर्वी एका लग्नात त्याने ही धून न विचारता वाजवली होती, आणि त्या घरची थोरली, लग्न न झालेली लेक आत भांडी पुसत ऐकत होती. तेव्हापासून तो प्रत्येक बापाला सगळ्यांसमोर विचारतो. मुले किती, लग्ने किती? दोन्ही आकडे जुळले तरच धून.

"आज विचारत नाही, लेझर," तो पुटपुटला. "सरळ सुरू कर आणि उरकून टाक."

"विचारा, हेर्शल. नियम म्हणजे नियम."

बापाच्या तोंडून ते 'तीन' लेझरने स्वतःच्या कानांनी कधीच ऐकले नव्हते. आठ वर्षे तो एक वेडी आशा उराशी धरून होता. आज ऐकले की ती तरी संपेल, असे त्याला वाटले. त्याने क्लॅरिनेट ओठांना लावली. सूर तयार होता.

हेर्शलने घसा साफ केला.

"रेब झाल्मन, मुलं किती?"

फायवेलकाकांनी झाडू खाली घेतला.

"तीन," झाल्मन म्हणाले.

लेझरने श्वास भरून घेतला.

पण झाल्मन तिथेच थांबले. जुन्या सवयीने त्यांची मान शेजारच्या खुर्चीकडे वळली. खुर्चीवर नुसता मुकुट होता. ते वाट बघत राहिले. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. खिडकीतून दुपारचे ऊन त्या खुर्चीवर पडले होते, आणि तिथून कुणीच काही बोलत नव्हते.

झाल्मननी डोक्यावरचा मुकुट काढून दुसऱ्या मुकुटाशेजारी ठेवला. मग त्या दिवसात पहिल्यांदा त्यांनी मंचाकडे पाहिले.

"चार," ते म्हणाले. "ती धून नको, हेर्शल. माझा एक राहिलाय."