जिना, बूट, साबण

ताई दवाखान्याच्या दारातून आत आली आणि पिंट्यानं हातातलं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. धरलं तेही उलटं.

पिंट्या म्हणजे चाळिशीतला, पोट सुटलेला, स्वतःचं सलून चालवणारा गृहस्थ. त्याला पिंट्या म्हणणारी आता एकच उरली होती, ही थोरली बहीण. आणि तिच्यापासूनच तो गेले काही महिने आपला गुडघा लपवत होता.

सुरुवात ताईच्याच घरून झाली. दर रविवारी सगळे तिच्याकडे जेवायला असतात. त्या रविवारी चिकन होतं. सोमवारी झाडून सगळ्यांची पोटं बिघडली, दोन-चार दिवसांत सावरली, आणि लोक विसरले. पिंट्याचं शरीर विसरलं नाही. तीनेक आठवड्यांनी एका सकाळी त्याचा उजवा गुडघा टम्म फुगला आणि पलंगावरून उठताना या बाप्यानं आईला हाक मारली.

डॉक्टरांनी समजावलं, "पोटातला जंतू कधीच गेला. पण त्याला मारायला निघालेली फौज अजून घरी परतली नाही. ती आता सांध्यांना बडवत सुटलीय." गोळ्या दिल्या, व्यायाम शिकवले, पडून राहू नका म्हणून बजावलं. महिने लागतील, पण बहुतेक बरे व्हाल, म्हणाले.

हे ताईला सांगायची सोय नव्हती. नवरा गेल्यावर या बाईनं दोन गोष्टींवर दिवस काढले होते. एक शिवणक्लास, दुसरं लोकांना जेवू घालणं. मागे व्याह्यांच्या घासात एक खडा आला, तर वर्षभर तिनं कुणाला जेवायला बोलावलं नव्हतं. खड्यापायी वर्ष गेलं, मग गुडघ्यापायी किती जाईल? पिंट्यानं हिशोब केला आणि बायकोला तंबी दिली, "ताईनं विचारलं तर जिन्यावरून पडलो म्हणायचं."

"थापा तुमच्या, आणि लक्षात मी ठेवायच्या!" बायको म्हणाली.

थाप मारायला सलूनवाल्याला कष्ट पडत नाहीत. पण हा आजार एका जागी बसणारा नव्हता. गुडघा थोडा उतरला तशी टाचही धरली. ताईला सांगितलं, नवे बूट चावले. मग डोळा लाल झाला. सांगितलं, साबण गेला. ताई कपाळावर हात मारून घ्यायची. "धांदरट मेला! आज जिना, उद्या बूट, परवा साबण. लोक तुझ्या वस्तऱ्याखाली मान देतात तरी कशी रे?"

तरी त्यानं एकही रविवार चुकवला नाही. सकाळी गरम पाण्यानं अंघोळ करायची, भिंतीला धरून पाय ताणायचे, अंग सैल झालं की ताईच्या दारात ताठ चालत जायचं. पुन्हा पोट बिघडलं तर दुखणं उलटू शकतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे पहिला घास तो चोरून चाचपून बघायचा. पण घास तो घ्यायचाच. वर मागून घ्यायचा.

ताई मात्र बदलली होती. पूर्वी डोक्यावर उभी राहून आग्रह करणारी बाई आता खुर्चीत बसून म्हणायची, "तूच घे रे वाढून." शिवणाच्या मशीनलाही तिनं मोटर बसवून घेतली होती. पायानं चालवणं जुनं झालं म्हणे. पिंट्याला वाटलं, हिला संशय आलाय. मनात धरून बसलीय.

आणि आज ती थेट इथे. म्हणजे पाठलागच!

खिडकीत बसणारी नोंदणीवाली मोठ्यानं म्हणाली, "या, ताई. टाच काय म्हणते? डोळ्यांची लाली गेली ना?"

वर्तमानपत्र आपोआप खाली आलं.

ताईनं भावाला पाहिलं. त्याच्या गुडघ्यावरचा पट्टा पाहिला. मग भिंतीचा आधार घेत त्याच्या शेजारी बसली, पिंट्या रोज सकाळी पलंगाच्या कडेला बसतो अगदी तशी. आधी हात टेकला, मग कंबर, मग देवाचं नाव.

"जिन्यावरून पडला होतास ना रे तू?"

"हो. आणि तू मशीनला मोटर हौसेनं बसवलीस ना?"

पिंट्यानं वर्तमानपत्र सुलटं करून त्याची घडी घातली.

ताईनं आवाज खाली आणला. "डॉक्टर म्हणाले, सख्ख्या भावंडांत कधीकधी दोघांनाही होतं हे. तेव्हापासून तुझा जिना मला पटत नव्हता. पण विचारलं नाही. त्या रविवारी क्रीमचा केक तूच आणला होतास. मी तेव्हाच ओळखलं, केकच बाधला. तुला कळलं असतं तर जिवाला लावून घेतलं असतंस. परत जन्मात कधी हौसेनं काही आणलं नसतंस. म्हणून गप्प बसले."

पिंट्याला केक आठवला. त्याच्या बायकोनं त्या केकला बोटही लावलं नव्हतं, आणि तिचंही पोट बिघडलं होतं, तेही आठवलं. हाडापाशी गुलाबी राहिलेलं चिकन आठवलं.

"पण तू कशाला लपवलंस?" ताईनं विचारलं.

दिवसभर गिऱ्हाइकांना गोष्टी सांगणाऱ्या माणसानं आणखी एक गोष्ट रचली.

"लाज वाटली गं. केक माझाच ना."

ताईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. बरोबर दुखरी जागा सोडून.

"वेडाच आहेस. रविवारी ये जेवायला," ती म्हणाली. "येताना मात्र हात हलवत ये."