उघडी बोटं

“मूठ नको वळू, मोहिनी. बोटं उघडी ठेव. मी शे ना.”

जळगावच्या दवाखान्यात तिचे यजमान तोताराम असं म्हणाले होते. मोहिनीने त्यांचा आवाज ऐकला तो तेवढाच, शेवटचा. त्यानंतर दोन श्रावण गेले. हात घडवायला बसलं की तो आवाज आपणहून यायचा, घोगरा, साक्रीकडच्या हेलाचा, ‘मी आहे ना’ म्हणणारा, आणि तिला बरं वाटायचं.

देवपूरच्या एका शाळेला भिंतीवर लावायला दोन मोठे हात हवे होते. मोहिनी भट्टीत भाजून टणक होणाऱ्या पॉलिमर क्लेचे देवीचे मुखवटे करायची, म्हणून मुख्याध्यापिका हेमलताताई तिच्याकडे आल्या होत्या.

“कुणाचे हात करू?” मोहिनीने विचारलं.

“तुम्हाला पाठ असतील त्यांचे.”

मग दुसऱ्या कुणाचे सुचणार? तिने जाड तारेचा सांगाडा वळला, त्यावर फॉइल घट्ट गुंडाळली आणि वर क्लेचा थर चढवत गेली. रोज पहिला गोळा देवापुढे ठेवायचा, नाम घ्यायचं, मगच कामाला लागायचं. रुंद पंजा झाला. विळ्याने कापलेली, जराशी आत वळलेली करंगळी झाली. बोटं उघडीच.

“आणि हात लावाल त्या दिवशी मुलांना श्रावणातली एखादी कहाणी सांगा,” हेमलताताईंनी आग्रह धरला होता.

पूर्वी गल्लीतल्या बायकांना कहाणी मोहिनीच सांगायची. हे दोन श्रावण मात्र तिने उपास केले, पूजा केली आणि कहाणी मनातल्या मनात म्हटली. चारचौघांत तोंड उघडायचा धीर उरला नव्हता.

“मला आता जमत नाही, ताई.”

“जमेल. मुलं वाट बघतायत.”

शेवटी देवघराकडे बघत ती म्हणाली, “हात अखंड भाजून निघाले तर सांगेन.” देवासमोर बोलली, म्हणजे वचनच झालं.

रविवारी दुपारी हात रिक्षात आडवे घालून ती झुलालच्या बेकरीत आली. मागच्या खोलीत एक जुनी भट्टी होती. त्यात पाव भाजणं झुलालने केव्हाच बंद केलं होतं.

टोस्ट घ्यायला आलेल्या वच्छलाबाई आत डोकावल्या. “अगं माय! एवढे मोठे हात? भाकरी थापायला बसले तर बठ्ठं देवपूर जेवेल!”

मोहिनी हसली. “आधी त्यांना भाजू तर द्या, काकू.”

ती पाठमोरी होऊन बोटांखाली खाण्याच्या सोड्याचा थर पसरू लागली, बोटं वाकू नयेत म्हणून. वच्छलाबाई झुलालला म्हणाल्या, “एवढी देवाधर्माची बाई, आणि हिच्याच वाट्याला असं यावं. हसते कशी, देव जाणे.”

मोहिनी वळली नाही. थर सारखा करत राहिली.

“तोतारामभाऊना हात शेत,” झुलाल एवढंच म्हणाला. “पाहताच वळखू येतस.”

हात आत गेले. भट्टीला वेळ लावून दिली. वेळ झाली की घंटा वाजायची, बंद मात्र हाताने करावी लागे. जास्त तापली की क्ले तडकते. झुलाल टेम्पोत पाव भरायला बाहेर गेला आणि मोहिनी माळ घेऊन स्टुलावर बसली. डोळे मिटले. जप रंगला.

झुलाल धावत आला, त्याने बटण बंद केलं आणि मग तिच्या खांद्याला हात लावला. ती दचकली.

“घंटा कधीनी वाजी ऱ्हायनी! पण मनी चूक शे, अक्का. मी आठेच, भट्टीपाशी थांबाले पाहिजे व्हतं.”

“तुझी कसली चूक? मीच डोळे मिटून बसले.”

भट्टी निवल्यावर दार उघडलं. डावा हात सुरेख निघाला होता. उजव्याला अंगठ्यापासून मनगटापर्यंत एक तडा गेला होता.

मोहिनीने तड्यावरून बोट फिरवलं. झुलालला तिचा शब्द ठाऊक होता. तो समोर येऊन मिश्कीलपणे म्हणाला, “चला, सुटल्या तुम्ही. अखंड निघाला नाही. आते कहाणी नको नि काही नको.”

सुटले खरी, तिला वाटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही झालं. पण शाळेतल्या रोशनीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. परवा ती भिंत बघायला शाळेत गेली तेव्हा ती पोर तिचा पदर धरून बसली होती, सोडायलाच तयार नव्हती.

“झुलाल, अखंड निघाले तर सांगेन असं मी म्हटलं होतं. तडा बुजवणार नाही असं कुठे म्हटलं होतं?”

तो खो खो हसला. “देवले बी कायद्यात धरतस तुम्ही!”

तिने उरलेली क्ले मळून मऊ केली, तड्यात भरली आणि बोटाने पुसत पुसत तो जागेवर नाहीसा केला. पुन्हा भट्टी लागली. या वेळी झुलाल जागचा हलला नाही.

सोमवारी सकाळी, उपास म्हणून नुसतं पाणी पिऊन, ती बेकरीत आली. दोन्ही हात अखंड होते. तिने बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारली, अंगठ्यावरून तळवा फिरवला आणि हात जोडले.

“आते कहाणी सांगनी पडी!” झुलाल म्हणाला.

तिने मान डोलावली. ती हात जुन्या सुती साडीत गुंडाळू लागली.

खोलीतल्या दिव्याची दोनदा उघडझाप झाली. तिने वळून पाहिलं. साक्रीच्या पहिल्या बसने आलेले तोताराम बटणावर बोट ठेवून दारात उभे होते. त्यांनी खांद्यावरची भुईमुगाच्या शेंगांची पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात वर केले आणि ओठ जराही न हलवता, तिचे कान गेल्यापासून दोघांनी शिकलेल्या खुणांच्या भाषेत, बोटांनी विचारलं, ‘धीर होतोय ना?’ तिनेही बोटांनीच सांगितलं, ‘होतोय’, आणि कर्णबधिर मुलांच्या त्या शाळेत कहाणी सांगायला मोहिनी निघाली.