चांदणीचा सलाम

अनेकांच्या रक्षणासाठी एकाचा जीव घेण्याचा अधिकार कायदा देऊ शकतो. त्यासाठी लागणारे काळीज देऊ शकत नाही.

घोड्यांचा रोग माणसांत पसरू नये म्हणून सरकारने आणीबाणी जाहीर केली, आणि बाधित घोडीला मारण्याचा हुकूम घेऊन पशुवैद्य शाल्मलीबाई दस्तगीरचाचांच्या अंगणात आल्या.

“परवाच्या वरातीत नाचली हो माझी चांदणी!”

“हुकूम आहे, चाचा. माझाही इलाज नाही.”

“मग लगाम तरी धरू द्या.”

“नका. तुम्हालाही लागण होईल.”

कुणी हात उंचावला की पाय उचलून सलाम करायला चाचांनीच तिला शिकवले होते. बाईंनी इंजेक्शन धरलेला हात उंचावला. चांदणीने अदबीने पाय उचलला.

हुकूम पाळला गेला. परमेश्वर त्या मुक्या जिवाला सद्गती देवो, आणि मागे उरलेल्या दोघांना शांती.