नऊ मीटर

"कन्सोलवरचा हा गेम म्हणजे वरातीतला घोडा, काका," केतन म्हणाला. "कोणीही बसा, पाडत नाही."

"मला पाडणारा हवाय," अरविंद करंदीकर म्हणाले.

सानपाड्याच्या त्या छोट्या दुकानात केतन लोकांना गेमिंगचे पीसी जोडून देत असे. शौनक करंदीकर त्याचा कॉलेजातला मित्र. शौनकचे वडील असे समोर येऊन बसतील आणि रेसिंग सिम्युलेटर मागतील, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

त्याने तीन सिम्युलेटर लावून दाखवले. पहिला दिसायला देखणा, पण वळणावर गाडी स्वतःच सावरून घेणारा. दुसरा कडक होता, मात्र त्यात परदेशातले रेस ट्रॅकच होते. तिसऱ्यात रस्तासुद्धा आपला आपण बनवता येत होता.

"तिसरा," करंदीकर म्हणाले. "मला पाम बीच रोड बनवून दे. सिग्नलजवळचा."

केतनने माउसवरचा हात काढला.

चौदा महिन्यांपूर्वी त्या सिग्नलला सकाळी एक डंपर आडवा आला होता. गाडी शौनकची आई जयमाला चालवत होत्या. शेजारी शौनक होता. जयमालांचं मनगट मोडलं. शौनक जागीच गेला.

"ती म्हणते, गाडी थांबवता आली असती," करंदीकर म्हणाले. "पोलिसांनी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, की कोणालाच जमलं नसतं. तिला पटत नाही. दिवाळीत शौनकच्या कन्सोलवर बसली. दहा वेळा ब्रेक मारला, दहाही वेळा गाडी थांबली. तेव्हापासून जेवण निम्म्यावर आलंय."

"अहो, ते खेळणं आहे."

"तेच मी म्हटलं. मग म्हणाली, खऱ्यासारखं असेल ते आणा. एकदाच बसेन. त्यात जे दिसेल ते मानीन."

"आणि तुमचं काय म्हणणं, काका?"

"मी तिला कधी काही बोललो नाही. चौदा महिन्यांत एक शब्द नाही."

केतनने मान खाली घातली. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं त्याच्या मनात आलं.

त्याने दोन आठवडे घेतले. रस्ता बांधला, दुभाजक बांधला, गाडीचं वजन भरलं. पंचनाम्यातले आकडे करंदीकरांनी डायरीत उतरवून आणले होते. वेग बासष्ट. डंपर दिसला तेव्हाचं अंतर अडतीस मीटर. दुभाजकातल्या झाडांना पाणी घालणारा टँकर नुकताच पुढे गेला होता, म्हणून रस्ता ओला.

केतनने स्वतः चाळीस फेऱ्या मारल्या. मग फोन केला.

"काका, टेन्शन संपलं. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला सत्तेचाळीस मीटर लागतात. नऊ मीटर कमी पडतात. चाळीसपैकी एकदाही थांबली नाही. काकूंची काहीच चूक नाही."

"बरं झालं," करंदीकर म्हणाले.

शनिवारी त्याने नेरूळच्या फ्लॅटमध्ये शौनकच्या टेबलाला स्टिअरिंग बसवलं, खाली पेडल घट्ट केली. जयमाला शिऱ्याची बशी घेऊन आल्या. शौनक गेल्यापासून घरात गोड पहिल्यांदाच झालं होतं.

"फार कठीण आहे का रे चालवायला?" त्यांनी विचारलं.

"काकू, तुम्ही फक्त..."

"तिचं तिला बघू दे," करंदीकर म्हणाले. "आधी सांगितलंस तर परत म्हणेल, माझी समजूत काढताय."

केतनला ते पटलं. जयमाला आत गेल्यावर त्याने सेटिंग दाखवलं. "डंपर कितव्या फेरीत येईल ते मशीन ठरवेल, त्यामुळे काकू आधीपासून सावध राहणार नाहीत. आणि ही रस्त्याची पकड. ओल्याला पन्नास ठेवलीय. कोरड्याला ऐंशी असते. याला हात लावू नका. पडद्यावर रस्ता तसाच दिसतो, पण ऐंशी केलं तर गाडी डंपरच्या दोन मीटर आधीच थांबेल."

करंदीकरांनी डायरीत लिहून घेतलं. पन्नास, ओला. ऐंशी, कोरडा.

"उद्या संध्याकाळी येतो," केतन म्हणाला. "काकूंच्या हातचा चहा प्यायला."

रविवारी दुपारी जयमालांनी देवाला नमस्कार केला, पदर खोचला आणि खुर्चीत बसल्या. करंदीकर मागे उभे राहिले. दोन फेऱ्या गेल्या. तिसऱ्या फेरीला सिग्नलशी डंपर आडवा आला.

त्यांनी ब्रेक दाबला. स्टिअरिंग थरथरलं.

गाडी थांबली. बॉनेट आणि डंपर यांच्यामध्ये एक माणूस आरामात उभा राहील एवढी जागा होती.

जयमालांचा पाय ब्रेकवरच होता. "परत लावा," त्या म्हणाल्या.

परतही थांबली. तिसऱ्यांदाही.

"केतनने आकडे नीट घातलेत ना?"

"पंचनाम्यातलेच आहेत. सगळे मीच दिले."

"म्हणजे थांबत होती." त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "अहो, तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"मी तुला कधी काही बोललोय का?"

त्या उठल्या. टेबलावरचा शौनकचा फोटो त्यांनी भिंतीकडे वळवला, आतल्या खोलीत गेल्या आणि कडी लावून घेतली.

करंदीकर खुर्चीत बसले. आतून काही ऐकू येतं का, याचा त्यांनी थोडा वेळ कानोसा घेतला. मग केतन यायच्या आत सेटिंग उघडलं आणि ऐंशीचा आकडा पुन्हा पन्नास केला.