पाटावरचा भाऊ

"शुभ सकाळ. आज हवा कोरडी राहील. केदार सबनीस नावाचा माणूस कधीच नव्हता."

सरकारने घरोघरी बसवलेला भिंतीतला आवाज वर्षभर रोज हेच सांगत होता. सरकारविरुद्ध लिहिणाऱ्या केदारला आणि त्याच्या बहिणीला, शाल्मलीला, सुरुवातीला हसू यायचं.

"समोर बसून चहा पितोयस की रे!" ती म्हणायची. हळूहळू ती एकच कप चहा करू लागली.

भाऊबीजेच्या संध्याकाळी केदार पाटावर बसला. शाल्मली तबक घेऊन आली, त्याला वळसा घालून गॅलरीत गेली आणि भाऊ नसलेल्या बायकांसारखं तिने चंद्राला ओवाळलं.

"ताई, मी इथे आहे!"

ती दचकून वळली. "कोण तुम्ही?"

केदार सांगायला गेला आणि अडखळला. तो आवाज त्यानेही वर्षभर ऐकला होता.