गल्लीतला भाव

राणी आबांच्या घराशी पोचली, तोवर तिने गल्लीत घरांचा भाव विचारल्याची बातमी तिच्याआधी आत जाऊन बसली होती.

भावजय पल्लवीने पायांवर घ्यायला पाण्याचा तांब्या पुढे केला, पण वर पाहिलं नाही. सोप्यात धाकटा भाऊ कृष्णात मोबाइल मुठीत धरून बसला होता.

"मौलाचाचाकडं गेलतीस?"

"अरे, स्टँडवरनं येताना वाटेतच घर त्यांचं. त्यांनी आत्ताच विकलंय, म्हणून म्हटलं विचारावं, काय भावानं गेलं."

"कशाला?"

"आपलं घर घेणाऱ्या त्या बेदाण्याच्या व्यापाऱ्यानं तुला भावात गुंडाळलंय, कृष्णा. चाचांचं घर आपल्याहून लहान, तेबी आत बोळात. तरी दुपटीनं गेलं. उद्या इसार घेऊ नकोस, एवढंच..."

"मला इचारायचं हुतंस की. भाव काय पळून चाललाता?" कृष्णात हसला, पण ते हसू ओठांवरच थांबलं. "आबा जाऊन म्हैना न्हाई झाला, आन् लेक दारोदार भाव काढत फिरती. चाचाचा फोन आलता. काय म्हणलं ठावं हाय? ‘बहिणीचा वाटा आदी मोकळा कर, बाबा.’"

राणीच्या हातात तांब्या तसाच राहिला. साताऱ्यात स्वतःचा फ्लॅट घेताना ती आणि नवरा दहा ठिकाणी भाव विचारत हिंडले होते. कुणाला त्यात काही वाटलं नव्हतं. इथे लेकीने भाव विचारण्याचा एकच अर्थ होता, आणि तासगावात वाढून तो ती विसरली होती.

हक्कसोडावर सही करायला म्हणूनच ती रजा काढून आली होती. पण ते आता सांगितलं असतं, तर तेही घासाघीस केल्यासारखं वाटलं असतं.

"मला काय नको रे," ती एवढंच म्हणाली. "तुझं नुकसान हुईल म्हणून..."

"समद्या बहिणी असंच म्हणत्यात."

आता तो ओरडेल, म्हणून ती थांबली. लहानपणी तो असाच फणफणायचा, ताट ढकलून द्यायचा आणि थोड्या वेळाने तिच्याच ताटात जेवायला यायचा.

कृष्णात ओरडला नाही. त्याने उठून कोपऱ्यातली खुर्ची आणली, खांद्यावरच्या टॉवेलने पुसली आणि तिच्यापुढे ठेवली.

"बसा, आक्का. किती पायजे ते सांगा. तुमी म्हणाल तिथं सई करतो."

"तू म्हण की रं मला," राणी म्हणाली. "शिव्या दे, पण तू म्हण."

पल्लवी चहा घेऊन आली. कृष्णातने तिच्या हातातली कपबशी घेतली आणि राणीपुढे धरली.

"घ्या," तो म्हणाला. "निवंल."